कडेवरच्या फ्लेअरची बातमी एका ओळीत संपवू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सूर्यावर मोठा फ्लेअर, म्हणजे ऊर्जेचा अचानक भडका, झाला की पेपरात बातमी येते, आणि ती येते हे चांगलंच आहे. पण दोन गोष्टी मला सतत खटकतात म्हणून हे पत्र. एक म्हणजे फ्लेअर सूर्याच्या मधल्या भागात झाला तर मोठा मथळा, आणि कडेवर झाला तर एकतर बातमीच नाही, नाहीतर "पृथ्वीला धोका नाही" एवढी एक ओळ टाकून विषय बंद. दुसरं म्हणजे सोबत जो फोटो छापतात, कधी हिरवा, कधी सोनेरी, कधी लालभडक, तो कुठल्या तरंगलांबीत घेतलाय ते कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे वाचकाला वाटतं की सूर्य त्या दिवशी खरंच हिरवा दिसत होता. मी हौसेने सूर्य बघणारा माणूस आहे, उपग्रहांच्या प्रतिमा रोज उघडून बघतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की फ्लेअर नक्की कुठे पेटतो आणि त्याची ऊर्जा कुठून येते याबद्दल आज जे काही बऱ्यापैकी पक्कं माहिती आहे, त्यातलं खूप काही कडेवरच्या फ्लेअर्सनीच शिकवलंय. तेही एकाच वेळी अनेक तरंगलांबींमध्ये बघितलं म्हणून.

कडच का, ते आधी सांगतो. गच्चीतून खाली वाकून रस्त्यावरच्या माणसाकडे बघितलं तर डोकं आणि खांदे दिसतात, उंची काही कळत नाही, तसंच सूर्याच्या मध्यावर झालेल्या फ्लेअरचं होतं, आपण तो बरोब्बर वरून बघत असतो. खाली क्रोमोस्फिअरमध्ये, म्हणजे सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरात, दोन चमकत्या पट्ट्या पसरताना दिसतात, फार सुंदर दिसतात, पण त्यांच्या वर कोरोनामध्ये, म्हणजे बाहेरच्या विरळ वातावरणात, जो खरा प्रकार चाललेला असतो तो सगळा त्याच पट्ट्यांवर चपटा होऊन बसतो. तोच फ्लेअर कडेवर झाला की आपल्याला बाजूने दिसतो. चुंबकीय क्षेत्राच्या कमानी, म्हणजे लूप्स, त्यांचे पाय, त्यांचा माथा, माथ्याच्या वर काय आहे, सगळं उंचीप्रमाणे वेगवेगळं मांडून ठेवल्यासारखं, आणि मागे सूर्याची चकचकीत थाळी नसून काळं आकाश, त्यामुळे अगदी मंद गोष्टीसुद्धा उठून दिसतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १३ जानेवारी १९९२ चा फ्लेअर. जपानचा योहको उपग्रह १९९१ च्या ऑगस्टमध्ये वर गेला होता आणि त्याच्यावर सॉफ्ट (कमी ऊर्जेचे) एक्स-रे आणि हार्ड (जास्त ऊर्जेचे) एक्स-रे अशा दोन वेगळ्या दुर्बिणी होत्या. सॉफ्ट एक्स-रेमध्ये तापलेल्या वायूचा लूप कडेवर छान दिसला. हार्ड एक्स-रेमध्ये त्या लूपच्या दोन पायांशी दोन ठिपके दिसले, ते अपेक्षितच होते, कारण वेगवान इलेक्ट्रॉन्स खालच्या दाट थरावर आपटले की असे एक्स-रे निघतात. पण तिसरा एक ठिपका होता आणि तो लूपच्या आत नव्हता, माथ्याच्याही काही हजार किलोमीटर वर होता, जिथे सॉफ्ट एक्स-रेमध्ये जवळजवळ काहीच नव्हतं! मासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि आजही या विषयात त्याला मासुदा फ्लेअर म्हणूनच ओळखतात. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात, ज्याला रीकनेक्शन म्हणतात, आणि ते लूपच्या वर घडतं, असं सिद्धांत मांडणारे आधीपासून म्हणत होते, पण वर काहीतरी घडतंय याचा इतका थेट पुरावा तोपर्यंत हातात नव्हता. आता बघा, हा फ्लेअर सूर्याच्या मध्यावर झाला असता तर तिसरा ठिपका बाकी दोघांच्या गर्दीत मिसळून गेला असता, आणि दोनपैकी एकच दुर्बीण असती तर तो लूपच्या वर आहे की लूपवरच आहे हे कळायला मार्गच नव्हता. दोन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणून ते कळलं.

आता तरंगलांबीचं. नासाचा एसडीओ उपग्रह २०१० पासून सूर्याकडे टक लावून बसलाय, त्याच्यावरचा एआयए कॅमेरा अतिनील पट्ट्यातल्या बऱ्याच तरंगलांबींमध्ये दर १२ सेकंदांनी ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचा फोटो घेतो. पेपरात येणारे बरेचसे रंगीत सूर्य याचेच असतात. ते रंग आपण दिलेले, ओळखायला सोपं जावं म्हणून ठरवून घेतलेले, १७१ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबी मोजायचं एकक) सोनेरी, ३०४ ला लाल, १३१ ला निळसर हिरवा वगैरे. महत्त्वाचं आहे ते तापमान. ३०४ मध्ये साधारण ५० हजार अंश केल्विनचा वायू दिसतो, १७१ मध्ये सहा-सात लाख अंशांचा, आणि १३१ मध्ये फ्लेअरच्या वेळी एक कोटी अंशांच्या आसपासचा. म्हणजे फोटो वेगळा म्हणजे नुसता रंग वेगळा नाही, दिसणारी वस्तूच वेगळी, आणि एकाच क्षणी घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर एकात लूप असतो आणि दुसऱ्यात त्याच जागी काहीच नसतं, आणि दोन्ही फोटो खरेच असतात.

कडेवर हे बघायला जी मजा आहे ती दुसरीकडे कुठे नाही. फ्लेअर पेटला की आधी १३१ मध्ये लूप्स दिसतात, तेव्हा १७१ मध्ये तिथे अजून अंधार असतो. मग वायू थंड होत जातो तसे तेच लूप्स एकेक करत कमी तापमानाच्या तरंगलांबींमध्ये उगवायला लागतात, आणि तोपर्यंत १३१ मध्ये त्यांच्याही वर नवीन लूप्स तयार झालेले असतात, कारण रीकनेक्शनची जागा वर वर सरकत जाते. शेवटी ३०४ मध्ये, आणि जमिनीवरच्या दुर्बिणीतून हायड्रोजन-अल्फामध्येसुद्धा (म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशात), थंड झालेला वायू गुठळ्या होऊन चुंबकीय रेषांवरून खाली ओघळताना दिसतो, त्याला कोरोनातला पाऊस म्हणतात. १९ जुलै २०१२ चा फ्लेअर यासाठी बघाच, एम ७.७ दर्जाचा होता (एक्स-रेच्या तेजावरून सी, एम, एक्स असे चढते दर्जे देतात), फार मोठा नाही, पण नैर्ऋत्य कडेवर होता आणि त्यानंतर कित्येक तास हा पाऊस चालला होता. वरून बघितलं असतं तर हे सगळं सूर्याच्या चकचकीत पृष्ठभागावर सरकणाऱ्या बारीक काळ्या रेघांसारखं दिसलं असतं, बस.

आणि १० सप्टेंबर २०१७. याच्याबद्दल किती लिहू असं होतं मला. १२६७३ क्रमांकाचा सक्रिय प्रदेश, म्हणजे सूर्यावरचा जोरदार चुंबकीय क्षेत्राचा भाग, त्या आठवड्यात भयंकर पेटला होता, ६ सप्टेंबरला त्याच्यातून एक्स ९.३ दर्जाचा फ्लेअर निघाला, त्या सौरचक्रातला सगळ्यात मोठा. तेव्हा तो प्रदेश आपल्या समोरच्या बाजूला होता. चार दिवसांनी सूर्याच्या फिरण्यामुळे तो पश्चिम कडेवर पोचला, किंचित पलीकडेही गेला, आणि बरोब्बर तेव्हा एक्स ८.२ चा दुसरा फ्लेअर झाला, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १६:०६ ला त्याचा कळस होता. म्हणजे एकाच प्रदेशाचे दोन प्रचंड फ्लेअर, एक वरून बघितलेला आणि एक बाजूने. दुसऱ्याच्या प्रतिमा एकेक करून पुढे सरकवत बघा. आधी कडेवरून थेंबाच्या आकाराची एक पोकळी फुगत वर येते, अंधारी, कडा मात्र उजळ, मग ती एकदम सुटते आणि निघून जाते, आणि तिच्या मागे एक सरळ बारीक उजळ रेघ उरते जी खाली लूप्सच्या टोकापासून वर लांबपर्यंत गेलेली असते. रीकनेक्शनच्या चित्रात पुस्तकात जो करंट शीट, म्हणजे विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा, आखलेला असतो ना, ती हीच जागा, बाजूने, कडेने बघितलेली. चित्रातली गोष्ट अशी आकाशात आखलेली बघायला मिळणं हे भाग्यच आहे.

पण खरी कमाल रेडिओने केली. कॅलिफोर्नियात ओवेन्स व्हॅलीमध्ये इओव्हीएसए नावाचा १३ अँटेनांचा रेडिओ अ‍ॅरे आहे, तो मायक्रोवेव्हच्या अनेक फ्रिक्वेन्सींमध्ये एकाच वेळी सूर्याचे फोटो घेतो. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन्स मायक्रोवेव्ह सोडतात, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती तेज आहे यावरून त्या जागचं चुंबकीय क्षेत्र काढता येतं. हे एरवी कोरोनामध्ये मोजणं महाकठीण. त्या फ्लेअरमध्ये ते जागोजागी आणि क्षणाक्षणाला मोजलं गेलं, आणि असं दिसलं की लूपच्या वरच्या भागात चुंबकीय क्षेत्र दर सेकंदाला सुमारे ५ गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) या वेगाने कमी होत होतं, दोनेक मिनिटं, आणि तेवढ्या घटीतून फ्लेअरला पुरेल इतकी ऊर्जा मोकळी होते. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. फ्लेअरची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येते हे आपण कधीपासून वाचत आलोय, पण ती जाताना प्रत्यक्ष मोजणं ही वेगळीच गोष्ट आहे! त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं निघालं की वेगवान इलेक्ट्रॉन्सची सगळ्यात जास्त गर्दी त्या लांब करंट शीटमध्ये नव्हती, तिच्या खालच्या टोकाशी, लूपच्या माथ्यावर होती, म्हणजे साधारण मासुदांचा ठिपका होता तसल्याच जागी. हे सगळं उंचीशिवाय कळूच शकत नाही, आणि उंची कडेवरच दिसते.

काही वेळा तर कड आणखी मोठी मदत करते. फ्लेअर कडेच्या थोडा पलीकडे झाला की लूपचे पाय सूर्याआड जातात आणि नुसता माथा डोकावतो. हार्ड एक्स-रे दुर्बिणींची अडचण अशी असते की पायांचे ठिपके इतके तेजस्वी असतात की त्यांच्या शेजारचा मंद स्रोत दिसतच नाही, मग सूर्यानेच ते झाकले तर माथ्यावरचे एक्स-रे निवांत मोजता येतात. २००२ ते २०१८ काम केलेल्या रेसी उपग्रहाने असे अर्धवट झाकलेले कितीतरी फ्लेअर्स दिले. फर्मी उपग्रहाने तर १ सप्टेंबर २०१४ ला पूर्व कडेच्या बऱ्याच पलीकडे झालेल्या फ्लेअरचे गॅमा किरण पकडले, फ्लेअरची जागा आपल्याला दिसतच नव्हती, ती दिसली पलीकडच्या बाजूला असलेल्या स्टीरिओ यानाला. मग गॅमा किरण देणारे कण आपल्या बाजूला पोचले कसे यावर अभ्यासकांमध्ये बरीच चर्चा झाली, कोरोनातून पुढे धावणाऱ्या शॉकने, म्हणजे धक्क्याच्या लाटेने, ते लांबवर पसरवले असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

एक कोडं मात्र मला सगळ्यात जास्त आवडतं. २४ फेब्रुवारी २०११ ला कडेला एक फ्लेअर झाला, त्यात साध्या दृश्य प्रकाशातही चमक दिसली आणि हार्ड एक्स-रेही. संशोधकांनी दोन्हींची उंची काढली, पाय नेमके कुठे आहेत हे स्टीरिओच्या दुसऱ्या कोनातून ठरवून, आणि दोन्ही स्रोत फोटोस्फिअरच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, वर जेमतेम दोनशे-तीनशे किलोमीटरवर निघाले. अडचण अशी की एक्स-रे देणारे इलेक्ट्रॉन्स त्याच्या पुष्कळ वरच, क्रोमोस्फिअरमध्येच थांबायला हवेत, इतक्या खाली पोचायची ताकद त्यांच्यात असायलाच नको. नंतर अगदी कडेवरच्या आणखी काही फ्लेअर्समध्ये दृश्य प्रकाश आणि हार्ड एक्स-रे एकाच उंचीवरून येतात हे पुन्हा दिसलं, उंचीचा आकडा मात्र थोडा वर गेला. आणि हे मोजमाप किती नाजूक आहे बघा, एआयएचा एक पिक्सेल म्हणजेच सूर्यावरचे सुमारे ४३५ किलोमीटर, म्हणजे आपण पिक्सेलपेक्षा लहान अंतरांबद्दल बोलतोय, ठिपक्याचा मध्य कुठे येतो ते काढून हे करावं लागतं.

वर आणखी एक भानगड, कड म्हणजे नक्की कुठे? सूर्याला पृष्ठभाग असा नाहीच. कडेपाशी आपली नजर वायूच्या थरांमधून आडवी, लांबून जाते, त्यामुळे दृश्य प्रकाशातली कडसुद्धा मध्यावर दिसणाऱ्या पृष्ठभागापेक्षा काही शे किलोमीटर वर असते, आणि ३०४ अँगस्ट्रॉममध्ये किंवा रेडिओमध्ये तर सूर्य आणखी काही हजार किलोमीटर मोठा दिसतो. दोन दुर्बिणींच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवताना सरळ कडेला कड जुळवली तर सगळा हिशोब बोंबलतो. शिवाय कडेपाशी चुंबकीय नकाशे भरवशाचे राहत नाहीत, कारण जे क्षेत्र पृष्ठभागातून सरळ वर येतं ते आपल्याला आडवं दिसतं. म्हणूनच पश्चिम कडेवरचे फ्लेअर जास्त कामाचे, तो प्रदेश त्याआधी दोन आठवडे आपल्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो, त्याचे नकाशे हातात असतात. पूर्व कडेवर जो उगवतो त्याचा इतिहास माहीत नसतो.

आता "धोका नाही" या ओळीबद्दल, कारण ती मला नुसती अपुरी नाही, चुकीची वाटते. फ्लेअरसोबत तीन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि बातमीत तिन्हींची खिचडी होते. पहिली गोष्ट प्रकाश, म्हणजे एक्स-रे आणि अतिनील. तो सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत सरळ येतो, फ्लेअर मध्यावर असो की कडेवर, आणि दिवस असलेल्या बाजूचा रेडिओ संपर्क विस्कळीत करतो. १० सप्टेंबर २०१७ ला हेच झालं, इर्मा चक्रीवादळामुळे कॅरिबियनमध्ये मदतकार्य चालू असताना तिथला शॉर्टवेव्ह रेडिओ बंद पडला होता. दुसरी गोष्ट वेगवान कण, ते सूर्याच्या वाकड्या चुंबकीय रेषांवरून येतात, आणि या रेषा अशा वळलेल्या आहेत की पृथ्वीला जोडलेली बाजू सूर्याची पश्चिमेची असते, त्यामुळे पश्चिम कडेचा फ्लेअर कणांच्या बाबतीत मधल्या फ्लेअरपेक्षा वाईटही ठरू शकतो. त्या दिवशी कणांची वाढ जमिनीवरच्या न्यूट्रॉन मॉनिटर्सनाही जाणवली होती, आणि मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हरलाही. तिसरी गोष्ट कोरोनातून सुटलेला वायूचा ढग, सीएमई. तो कडेवरून सुटला की बहुतेक वेळा बाजूने निघून जातो. "धोका नाही" हे फक्त या तिसऱ्या गोष्टीला लागू पडतं, तेही बहुतेक वेळा.

उलट कडेमुळे कमी होणारी गोष्टही आहे आणि तीही बातमीत येत नाही. ४ नोव्हेंबर २००३ चा फ्लेअर पश्चिम कडेवर होता, इतका मोठा की गोज उपग्रहाचे एक्स-रे डिटेक्टर पूर्ण भरून अडकले आणि दर्जा एक्स २८ असा अंदाजाने द्यावा लागला. त्याच्या आठवडाभर आधी, २८ ऑक्टोबरला, एक्स १७ चा फ्लेअर मध्याजवळ झाला होता. एक्स-रेच्या आकड्यात ४ नोव्हेंबरचा मोठा, पण पृथ्वीच्या आयनोस्फिअरवर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) जास्त परिणाम २८ ऑक्टोबरच्या फ्लेअरचा झाला. कारण अतिनील प्रकाश खालच्या थरांतून निघतो आणि कडेवरून येताना सूर्याच्याच वातावरणातून लांबचा रस्ता कापतो, त्यात बराच शोषला जातो. एक्स-रे तसे अडत नाहीत. म्हणजे एक्स, एम, सी हा दर्जा फक्त एका एक्स-रे पट्ट्यातला आकडा आहे, तेवढाच छापला तर निम्मी गोष्ट सुटते.

पुढची काही वर्षं तर या विषयासाठी फार चांगली आहेत. सोलर ऑर्बिटर यान सूर्याभोवती असं फिरतं की कधी कधी जो फ्लेअर आपल्याला कडेवर दिसतो तोच त्याला समोरून दिसतो, आणि उलटही, म्हणजे बाजू आणि वरचा भाग दोन्ही एकाच वेळी. (वेळ जुळवताना मात्र जपावं लागतं, यान सूर्याच्या जवळ असलं की त्याला तोच प्रकाश आपल्यापेक्षा पाच-सहा मिनिटं आधी मिळू शकतो.) आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून जागेवर आहे, त्याच्यावर आयुकाच्या पुढाकाराने बनलेली सूट ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये फोटो घेते आणि सोलेक्स व हेलिओस ही उपकरणं एक्स-रे मोजतात, सगळं एकाच यानावर, त्यामुळे घड्याळं जुळवायचा प्रश्न कमी. सोलेक्स आणि हेलिओस प्रतिमा काढत नाहीत, पूर्ण सूर्याचे एक्स-रे एकत्र मोजतात, तेव्हा जागा कळायला सूटची किंवा दुसऱ्या यानांची जोड लागतेच.

तर माझी मागणी साधी आहे. फोटोखाली तरंगलांबी, यूटीसी वेळ आणि फ्लेअर सूर्याच्या कुठल्या भागात झाला एवढं लिहा, एका ओळीत मावतं. आणि शक्य असेल तर बातमी आधी द्या. सूर्य आपल्याला दिवसाला साधारण १३ अंश फिरताना दिसतो, त्यामुळे एखादा खवळलेला प्रदेश पश्चिम कडेवर कुठल्या दिवशी पोचणार हे कितीतरी दिवस आधी सांगता येतं, फ्लेअर होईल की नाही ते सांगता येत नाही, पण बघायचं कधी आणि कुठे ते नक्की सांगता येतं. ही संधी जेमतेम एक-दोन दिवस टिकते. एसडीओच्या प्रतिमा घेतल्यानंतर थोड्याच वेळात सगळ्यांसाठी मोफत खुल्या होतात, शाळकरी मुलंसुद्धा १३१ आणि १७१ शेजारी लावून बघू शकतात, त्यांना फक्त कुणीतरी आदल्या दिवशी सांगायला हवं.

आपला,
सूर्य बघणारा एक वाचक